वेदनाशामकांची नावे आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

औषधाच्या दुकानात गेलेला मराठी मनुष्य बहुधा औषधाचे नाव सांगत नाही. तो दुखण्याचे नाव सांगतो. ‘डोकेदुखीची गोळी’, ‘अंगदुखीची गोळी’, ‘गुडघ्यावरची गोळी’, ‘दाढेसाठी काहीतरी’ अशी त्याची मागणी असते. या नामप्रकारात औषधाचा निर्देश त्याच्या प्रयोजनावरून होतो. ते द्रव्य कोणते, आणि पोटात गेल्यावर ते काय करते, याविषयी नाव काहीच बोलत नाही. शास्त्रीय मराठीतील ‘वेदनाशामक’ हा शब्दही या बाबतीत निराळा नाही. जे वेदना शमविते ते वेदनाशामक, एवढाच त्याचा अर्थ.

रोजच्या व्यवहाराला हे नाव पुरते. ज्याची मूत्रपिंडे निरोगी आहेत अशा माणसाने एखाद्या दिवशी यांपैकी कोणतीही गोळी घेतली तरी सहसा बिघडत नाही. परंतु ज्याची मूत्रपिंडे दुर्बल झाली आहेत त्याच्या बाबतीत एकाच नावाखाली मोडणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक साधारणतः चालते, आणि दुसरी थोड्या दिवसांत गंभीर अपाय करू शकते. हा भेद कशामुळे उत्पन्न होतो, आणि औषधनामांच्या रचनेकडे लक्ष दिल्यास तो सामान्य वाचकालाही कसा ओळखता येईल, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एका नावाखालील भिन्न वर्ग

बाजारात सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात जवळजवळ एकटे पॅरासिटामॉल येते. ते वेदना व ताप कमी करते. परंतु सूज ओसरविण्याचा गुण त्यात नगण्य आहे. त्याचे कार्य मुख्यतः मेंदू व मज्जारज्जू यांच्या ठिकाणी घडते असे मानले जाते, आणि त्याचे विघटन यकृतात होते.

दुसरा वर्ग मोठा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रॉक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक आम्ल, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही त्यांतील परिचित नावे; आणि वेदनेसाठी लागणाऱ्या मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनही याच वर्गातले. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर या वर्गाला ‘एन.एस.ए.आय.डी.’ म्हणतात. स्टेरॉइड नसलेली, पण दाह शमविणारी औषधे, असा त्याचा अर्थ. पुढील विवेचनात या वर्गासाठी ‘दाहशामके’ हा शब्द योजिला आहे. प्रत्येक दाहशामक हे वेदनाशामक असते. परंतु प्रत्येक वेदनाशामक हे दाहशामक नसते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे हित याच भेदावर अवलंबून आहे.

२. दाहशामके मूत्रपिंडात काय करतात

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त दोन मूत्रपिंडांकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष गाळणघटक असतात, आणि दोन्ही मिळून दिवसाकाठी अदमासे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत शोषून घेते. दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर जातो. हे गाळणे दाबावर चालते. प्रत्येक गाळणघटकात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो; त्यात रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. आणणारी रुंद राहिली आणि नेणारी थोडी आवळली, तर गुच्छातील दाब टिकतो व गाळणे चालू राहते.

रक्त आणणारी धमनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांकडे आहे. निरोगी आणि पुरेसे पाणी प्यालेल्या माणसात या साहाय्याची गरज अल्प असते. परंतु मूत्रपिंडे आधीच क्षीण झालेली असतील, हृदय दुर्बल असेल, यकृताचा जुनाट विकार असेल, किंवा अतिसार, वांत्या, उन्हातील श्रम यांमुळे शरीरातील पाणी घटले असेल, तर गाळणे टिकवून धरण्यासाठी शरीर या द्रव्यांवरच विसंबते.

प्रोस्टाग्लँडिने केवळ मूत्रपिंडातच नसतात. दुखावलेल्या सांध्यात सूज आणि वेदना उत्पन्न करण्यातही त्यांचा वाटा असतो. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच थांबवितात, असे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. पुढे १९८२ साली सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या एन्झाइमाच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिने बनतात, त्या सायक्लोऑक्सिजनेजला ही औषधे अडवितात. गुडघ्यात ते अडविले गेले की दुखणे थांबते. त्याच वेळी मूत्रपिंडात ते अडविले गेले की रक्त आणणारी धमनी आकुंचन पावते आणि गाळणदर उतरतो. गुडघ्याचा आराम आणि मूत्रपिंडाचा अपाय ही एकाच क्रियेची दोन स्थाने होत. म्हणूनच गुडघ्यापुरतेच काम करून मूत्रपिंडाला वगळणारे असे दाहशामक पोटात घेण्यासाठी उपलब्ध नाही.

गाळणदर उतरल्यामुळे क्रिएटिनिन वाढते. मीठ व पाणी शरीरात साठून पायांवर सूज येते आणि रक्तदाब चढतो. शिवाय रक्तातील पोटॅशियम वाढते, आणि ही वाढ अधिक झाल्यास हृदयाची गती बिघडू शकते. हा अपाय वेळीच ओळखून औषध थांबविले तर बहुधा भरून निघतो. काही रुग्णांत मात्र मूत्रपिंडाच्या ऊतींचा दाह होतो किंवा मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. आणि वर्षानुवर्षे चाललेल्या सेवनाने मूत्रपिंडाच्या आतील भागाचा कायमचा नाश होऊ शकतो.

येथे दोन प्रचलित समजुतींचा परामर्श घेतला पाहिजे. पहिली समजूत अशी की, वेदनाशामक गोळीबरोबर ‘पित्ताची गोळी’ घेतली म्हणजे धोका टळला. ही दुसरी गोळी जठराला व्रणापासून संरक्षण देते; मूत्रपिंडाशी त्या संरक्षणाचा संबंध नाही. दुसरी समजूत सेलेकॉक्सिब व एटोरिकॉक्सिब यांसारख्या नव्या औषधांविषयी आहे. ती सायक्लोऑक्सिजनेजच्या दुसऱ्या प्रकाराला विशेषेकरून अडवितात, आणि त्यामुळे जठराला कमी त्रास देतात, हे खरे आहे. परंतु मूत्रपिंडात हा दुसरा प्रकार नित्य कार्यरत असतो. म्हणून जठराच्या दृष्टीने सौम्य असलेले औषध मूत्रपिंडाच्या दृष्टीनेही सौम्य असते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

३. आद्याक्षरांत दडलेले द्रव्य

नावामुळे द्रव्य नजरेआड होते तेव्हा काय घडते, याचे मोठे उदाहरण विसाव्या शतकाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८७ च्या सुमारास, फिनॅसेटिन हे औषध वापरात आले. ॲस्पिरिन, फिनॅसेटिन आणि कॅफीन यांच्या मिश्रणाला तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘ए.पी.सी.’ हे नाव पडले. दवाखान्यांतून आणि दुकानांतून या नावाच्या गोळ्या व पुड्या जगभर खपल्या. भारतातील सरकारी दवाखान्यांतही ‘एपीसी’ हा शब्द एका पिढीच्या तोंडी होता. त्यातील मधले ‘पी’ हे अक्षर कोणत्या द्रव्याचे, हे मात्र घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे.

१९५३ साली स्पूलर आणि झोलिंगर या स्विस वैद्यकांनी मूत्रपिंडाच्या एका जुनाट दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. असे अनेक रुग्ण दीर्घकाळ वेदनाशामक मिश्रणे घेणारे निघाले. स्वित्झर्लंडच्या घड्याळउद्योगातील कामगारांत अशा गोळ्यांचे नित्य सेवन रूढ होते. स्वीडनमधील हुस्क्वार्ना या कारखान्याच्या गावातही फिनॅसेटिनयुक्त पुडी कामगारांच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसली होती, आणि मूत्रपिंड निकामी होऊन तेथे मृत्यू घडल्याची नोंद १९६० च्या दशकात झाली. ऑस्ट्रेलियात ‘बेक्स’ आणि ‘व्हिन्सेंट्स’ या पुड्या घराघरांत असत. डोके दुखण्याची वाट न पाहता, कामाचा शीण घालविण्यासाठी स्त्रिया त्या चहाबरोबर घेत. मेलबर्न येथील मूत्रपिंडतज्ज्ञ प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी या सवयीचा आणि मूत्रपिंडनाशाचा संबंध आग्रहाने मांडला. १९७९ साली ऑस्ट्रेलियात अशा मिश्रणांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आले, आणि त्यानंतर तेथे या कारणाने मूत्रपिंड गमावणाऱ्या नव्या रुग्णांचे प्रमाण घटत गेले. अमेरिकेने १९८३ मध्ये फिनॅसेटिन बाजारातून काढले. भारतातही ते निषिद्ध औषधांच्या यादीत आहे.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, एकत्र केलेली औषधे निरनिराळ्या औषधांपेक्षा अधिक निरुपद्रवी असतात असे नव्हे. पुष्कळदा उलटच असते. दोन, घेणाऱ्याला मिश्रणाचे नाव पाठ असते, घटकांची नावे नसतात. आणि त्यामुळे आपण रोज नेमके काय घेतो, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवत नाही.

४. औषधनामांचे व्याकरण

योगायोग असा की, ज्या १९५३ साली स्पूलर व झोलिंगर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या आंतरराष्ट्रीय सामान्य नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. या योजनेचा ठराव १९५० सालचा. एका द्रव्याला जगभर एकच नाव असावे, ते कोणाच्या मालकीचे नसावे, आणि त्याच्या रचनेवरून औषधाचा वर्ग ओळखता यावा, अशी ही योजना आहे. व्यापारी नाव हे उत्पादकाचे. सामान्य नाव हे द्रव्याचे.

भाषाभ्यासकाला या नावांत परिचित अशी प्रत्ययव्यवस्था आढळते. आयबुप्रोफेन, केटोप्रोफेन, फ्लुर्बिप्रोफेन यांच्या अंती ‘-प्रोफेन’ आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक यांच्या अंती ‘-ॲक’. पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम, लॉर्नॉक्सिकॅम यांत ‘-इकॅम’; सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब यांत ‘-कॉक्सिब’. या चारही प्रत्ययांनी दाहशामकांचा बोध होतो. नावाच्या पूर्वभागालाही पुष्कळदा अर्थ असतो. ‘डायक्लोफिनॅक’ या नावाची फोड केली तर दोनचा वाचक ‘डाय’, क्लोरीनचा ‘क्लो’, फिनाइलचा ‘फिन’ आणि ॲसेटिक आम्लाचा ‘ॲक’ असे घटक हाती येतात. सामासिक शब्दाचा विग्रह करावा तसाच हा विग्रह आहे.

नियमांना अपवादही आहेत, आणि ते पाठच करावे लागतात. ॲस्पिरिन हे जुने नाव या व्यवस्थेच्या आधीचे. नेप्रॉक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक आम्ल आणि इंडोमेथासिन ही दाहशामकेच आहेत, पण वरील चार प्रत्ययांपैकी एकही त्यांच्या अंती नाही. मासिक पाळीच्या वेदनेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत मेफेनॅमिक आम्ल नेहमी आढळते, म्हणून हा अपवाद विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा प्रत्ययविचार केवळ सामान्य नावांना लागू पडतो; व्यापारी नावांना लावल्यास तो फसवितो. ‘रँटॅक’ या नावाच्या अंती ‘-ॲक’ ऐकू येते; परंतु ते रॅनिटिडिन या आम्लनाशकाचे व्यापारी नाव होय, दाहशामकाचे नव्हे. याहून बोधप्रद जोडी ‘डोलो’ आणि ‘झीरोडॉल’ यांची आहे. वेदनेचा वाचक असा लॅटिन ‘डोलोर’ हा शब्द दोहोंवरून आठवतो. कानाला ती एका कुळातली वाटतात. परंतु डोलो हे पॅरासिटामॉल आहे आणि झीरोडॉल हे ॲसिक्लोफिनॅक. मूत्रपिंडविकार असलेल्याने पहिल्याऐवजी दुसरे घेतले, तर ध्वनिसाम्याची किंमत मूत्रपिंडाला मोजावी लागते. ‘कॉम्बिफ्लाम’ या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. तिला ‘तापाची गोळी’ म्हणणाऱ्याच्या लक्षात त्यातले आयबुप्रोफेन येत नाही.

एका द्रव्याला दोन सामान्य नावे असण्याचा प्रसंगही येतो. भारतात व युरोपात जे पॅरासिटामॉल, तेच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन. ‘पॅरा-ॲसिटिल-अमायनो-फिनॉल’ या एकाच रासायनिक नावातून निरनिराळी अक्षरे उचलून ही दोन नावे घडली आहेत. मुलांकडे अमेरिकेत गेलेले वृद्ध आईवडील येथून नेलेले क्रोसिन आणि तेथे मिळालेले टायलेनॉल ही दोन वेगळी औषधे समजून एकाच दिवशी घेतात, तेव्हा मात्रा नकळत दुप्पट होते. तेथील ‘ॲडव्हिल’ म्हणजे आयबुप्रोफेन, हेही त्यांना माहीत असणे आवश्यक आहे.

५. ‘सुरक्षित’ हा साकांक्ष शब्द

‘हे औषध सुरक्षित आहे का?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. व्याकरणदृष्ट्या वाक्य पूर्ण आहे. अर्थदृष्ट्या ते अपुरे आहे. ‘सुरक्षित’ हा शब्द साकांक्ष आहे. कोणाला, किती, किती दिवस आणि कशाबरोबर, या चार आकांक्षा पूर्ण झाल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही.

‘कोणाला’ या प्रश्नाचे महत्त्व भारतीय उपखंडातील गिधाडांच्या विनाशाने प्रत्ययास आणून दिले. दुखापत झालेल्या गुरांना डायक्लोफिनॅक देत. गुरांना ते सोसत असे. परंतु अशा गुरांचे शव खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड झाले. काही जातींची संख्या तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ साली भारताने पशुवैद्यकात डायक्लोफिनॅकला बंदी केली. त्याच वर्गातले मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसते, म्हणून पर्याय म्हणून ते पुढे आले. मूत्रपिंडविकाराच्या मानवी रुग्णाला मात्र मेलॉक्सिकॅमही निर्धोक नाही. पक्ष्याच्या शरीरातील प्रक्रिया माणसाहून भिन्न आहे हे खरे. तथापि ‘सुरक्षित’ हा गुण औषधाच्या ठायी नसून औषध आणि शरीर यांच्या संबंधात असतो, एवढे यावरून स्पष्ट होते.

मानवी रुग्णाच्या बाबतीत या संबंधाचे मोजमाप गाळणदराने होते. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला ९० मिलिलिटर किंवा अधिक असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर जुनाट मूत्रपिंडविकार मानला जातो. १५ च्या खाली गेला म्हणजे मूत्रपिंड निकामी होण्याची अवस्था. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गाळणदर ६० च्या खाली असलेल्यांना दाहशामके दीर्घकाळ देऊ नयेत, आणि ३० च्या खाली असलेल्यांना ती टाळावीत. लिथियम घेणाऱ्यांनीही ती घेऊ नयेत.

अडचण अशी की, आपला गाळणदर किती हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूत्रपिंडविकार बराच काळ मूक असतो. कंबरदुखी हे त्याचे नित्याचे लक्षण नव्हे. कृश व वृद्ध व्यक्तीत स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन कमी बनते. त्यामुळे अहवालातील आकडा मर्यादेत दिसत असतानाही गाळणदर उतरलेला असू शकतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वयाचा विचार करून काढलेला गाळणदर आणि मूत्रातील प्रथिने यांची तपासणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

‘कशाबरोबर’ हा प्रश्न त्याहून अधिक दुर्लक्षिला जातो. येथे पुन्हा प्रत्ययांची मदत होते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांतील ‘-प्रिल’ आणि लोसार्टान, टेल्मिसार्टान यांतील ‘-सार्टान’ हे प्रत्यय रक्तदाबावरील दोन वर्ग दर्शवितात. ही औषधे गाळणगुच्छातून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करतात. योग्य रुग्णाला ती मूत्रपिंडाचे दीर्घकाळ संरक्षण करणारी आहेत. परंतु त्यांच्यामुळे गुच्छातील दाब काहीसा कमी होतो. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा फ्युरोसेमाइड यांसारखी मूत्रल औषधे शरीरातील पाणी कमी करतात. या दोहोंत दाहशामकाची भर पडली की आणणारी वाट आवळलेली, नेणारी वाट सैल आणि रक्ताचे आकारमान घटलेले, अशी तिहेरी अवस्था होते, व गाळणदर झपाट्याने कोसळू शकतो.

ही अवस्था दुर्मीळ परिस्थितीतच येते असे नाही. साठीच्या एखाद्या गृहिणीला मधुमेह आहे. रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टान व हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्रित गोळी रोज घेते. तिच्या लेखी ही ‘बी.पी.ची एक गोळी’. वस्तुतः वरील तीन घटकांपैकी दोन तिच्या रक्तात आधीच आहेत. गुडघे धरले म्हणून शेजारीण सांगते, ती गोळी ती आठवडाभर घेते. मेच्या उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब होतात. यांतील एकेक गोष्ट किरकोळ आहे. त्या एकत्र आल्याने तिला रुग्णालय गाठावे लागू शकते. अशा प्रसंगी दाहशामक तत्काळ थांबवावे. रक्तदाबाच्या गोळीबाबतचा निर्णय मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावा. तसेच हृदयविकारासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेतील ॲस्पिरिनची गोळी या लेखातील विवेचन वाचून स्वतः बंद करू नये. तिचा हेतू आणि मात्रा दोन्ही वेगळी आहेत.

६. मग वेदनेचे काय?

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाने वेदना निमूटपणे सोसावी असा या विवेचनाचा अर्थ नव्हे. अशा रुग्णांसाठी पॅरासिटामॉल हे सामान्यतः प्रथम पसंतीचे औषध मानले जाते. निरोगी प्रौढात त्याची चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. प्रगत मूत्रपिंडविकार, अल्प वजन, यकृतविकार किंवा मद्यपान असल्यास डॉक्टर ती ३ ग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणतात. मर्यादा ओलांडल्यास यकृताला जीवघेणी इजा होऊ शकते. म्हणून ‘चालते’ याचा अर्थ ‘कितीही चालते’ असा करू नये. पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. अशा पाच गोळ्यांत दिवसाची २ ग्रॅमची मर्यादा संपते. मीठ तोलून खाणाऱ्या रुग्णाने हा प्रकार टाळावा.

एका सांध्यापुरते दुखणे असेल तर शेक, व्यायाम, आधारपट्टा यांचा उपयोग होतो. डायक्लोफिनॅकच्या मलमातून पोटातील गोळीच्या मानाने फारच थोडे औषध रक्तात उतरते. तथापि ते शून्य नसते, म्हणून अंगभर किंवा महिनोन्‌महिने ते लावणे इष्ट नाही. तीव्र वेदनेसाठी असणाऱ्या अफूवर्गीय औषधांतही भेद आहेत. मॉर्फीन व कोडीन यांचे क्रियाशील अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. ते साठल्यास गुंगी येते व श्वास मंदावतो. ट्रॅमाडॉलची मात्राही गाळणदर ३० च्या खाली गेल्यास कमी करावी लागते. मज्जातंतूंच्या वेदनेवरील गॅबापेंटिन व प्रीगाबालिन ही औषधे मूत्रपिंडाला इजा करीत नाहीत, परंतु त्यांचे उत्सर्जन तेथूनच होते. नेहमीची मात्रा दिल्यास वृद्ध रुग्ण गोंधळतो, तोल जाऊन पडतो. मूत्रपिंडाला अपाय करणारे औषध आणि दुर्बल मूत्रपिंडामुळे शरीरात साठणारे औषध, हे दोन प्रश्न अशा रीतीने वेगळे आहेत, आणि दोहोंचाही विचार आवश्यक आहे.

ज्यावर घटकांची नावेच नाहीत अशा चूर्णांना व पुड्यांना तर वरील व्याकरणाची कोणतीच कसोटी लावता येत नाही. सांधेदुखीवरील वनौषधी म्हणून विकल्या गेलेल्या काही पदार्थांत डायक्लोफिनॅक किंवा स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. तासाभरात गुण देणारे निनावी चूर्ण हे याच कारणाने अधिक संशयास्पद मानले पाहिजे.

७. परिभाषेची जबाबदारी

औषधाच्या वेष्टणावर सामान्य नाव छापलेले असते. परंतु ते बहुतेक वेळा रोमन लिपीत असते, बारीक असते, आणि पट्टीतून गोळ्या कापून विकल्या गेल्या की नेमका तोच भाग दुकानात राहून जातो. देवनागरी वाचू शकणारी, पण रोमन न वाचणारी व्यक्ती अशा वेळी केवळ गोळीच्या रंगावर आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबते. साक्षरता असूनही माहिती पोचत नाही, असे याचे स्वरूप आहे.

यावर भाषेच्या बाजूने करता येण्यासारखे काही आहे. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. शब्द घडविण्याचे काम त्यामुळे पुष्कळ झाले आहे. आता गरज आहे ती भेद रूढ करण्याची. ‘वेदनाशामक’ आणि ‘दाहशामक’ हे दोन शब्द मराठी आरोग्यलेखनात, दवाखान्यातील सूचनांत आणि शालेय पाठांत कटाक्षाने वेगळे वापरले गेले, तर ‘वेदनाशामके टाळा’ या सरसकट आणि म्हणूनच न पाळल्या जाणाऱ्या सूचनेऐवजी ‘दाहशामके टाळा, पॅरासिटामॉल मात्रेत घ्या’ अशी निश्चित सूचना देता येईल. पहिल्या सूचनेत रुग्णाला वेदनेसह एकटे सोडून दिले जाते. दुसरीत त्याला मार्ग दाखविला जातो.

सामान्य नावांचे देवनागरी लेखन स्थिर होणे हेही तितकेच आवश्यक आहे. डायक्लोफिनॅक, डायक्लोफेनाक, डिक्लोफेनॅक अशी एकाच द्रव्याची तीन रूपे चालू राहिली, तर वाचकाला ती तीन औषधे वाटण्याचा संभव राहतो, आणि प्रत्यय ओळखण्याची सोयही नाहीशी होते. चार प्रत्यय, पाच अपवाद आणि एक पॅरासिटामॉल, एवढी यादी एका पोस्टकार्डावर मावते. ती मूत्रपिंडविकाराच्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या औषधपेटीत देवनागरीत असावी, आणि दुकानात ‘गुडघ्यावरची गोळी’ मागण्याऐवजी ‘हिच्यात काय आहे?’ असे विचारण्याची सवय जडावी. या विषयात मराठीच्या अभ्यासकांनी वैद्यकाच्या अभ्यासकांसमवेत करावयाचे काम ते हेच होय.